काटा कुणाच्या हातात?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



भावावर, कर्जावर आणि आयात-निर्यातीवर बोलणारे आज पुष्कळ आहेत. मला नेमून दिलेला विषय लहान आहे. हातात धरायची मोजमापाची साधने. ताणकाटा, मॉइश्चर मीटर, दुधाचा लॅक्टोमीटर, उसाचा रिफ्रॅक्टोमीटर. यांची बनावट कशी सुधारत गेली, त्यातले आपल्या पदरात काय पडले आणि काय पडायचे राहिले, एवढेच सांगायचे आहे.

विषय ऐकून काही जुन्या कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, ते मला दिसले. त्यांचे म्हणणे मला ठाऊक आहे. काटा मारणारा गावचा व्यापारी हाच शेतकऱ्याचा शत्रू, असे शहरातले विद्वान वर्षानुवर्षे सांगत आले. आपण त्यांना उत्तर दिले की बाबांनो, व्यापारी शंभरात दोन-चार रुपये खात असेल, पण निर्यातबंदी घालून, आयात करून, लेव्ही लावून सरकार जे खाते त्यापुढे ते पासंगालाही पुरणार नाही. हे उत्तर बरोबर होते आणि आजही बरोबर आहे. मग आता आपणच ताणकाट्याच्या गोष्टी का बोलू लागलो?

हिशेब मांडून बघा. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला. कापूस महामंडळाचा खरेदीचा नियम असा की ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण भाव, ८ च्या वर १२ पर्यंत प्रत्येक टक्क्यामागे भावात एक टक्का कपात, आणि १२ च्या वर माल परत. म्हणजे मीटरने एक टक्का जास्त दाखवला की क्विंटलमागे ८१ रुपये गेले. वीस क्विंटलची गाडी असेल तर १,६०० रुपयांच्या वर गेले. क्विंटलमागे शंभर रुपये वाढवून घ्यायला आपल्याला मोर्चे काढावे लागतात, लाठ्या खाव्या लागतात. त्यातले ८१ रुपये मीटरच्या एका आकड्यात जाणार असतील तर तो आकडा कसा निघतो हे समजून घेणे लढाईबाहेरचे काम आहे का? भाव लढून मिळवायचा आणि माप मात्र डोळे मिटून घ्यायचे, हे मला पटत नाही.

ही तक्रार जुनी आहे. वऱ्हाडात कारंज्याला १८८६ साली नियंत्रित बाजार सुरू झाला, १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला, तेव्हापासून वजन आणि माप हा बाजाराच्या नियमांचा पहिला विषय आहे. मुंबई राज्यात १९३९ साली आणि महाराष्ट्रात १९६३ साली बाजार समित्यांचे कायदे आले, त्यांनी रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवायची पद्धत बंद करायला घेतली. रुमालाखाली काय ठरले ते दलालाला कळायचे, खरेदीदाराला कळायचे, आणि ज्याचा माल तो मात्र तोंडाकडे बघत उभा. ही रुमालाची गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

मापांचेही तसेच. गावोगावची पायली वेगळी, शेर वेगळा, घ्यायची अधोली वेगळी आणि द्यायची वेगळी. १९५६ च्या कायद्याने किलो आणि लिटर आले, तेव्हा म्हातारे कुरकुरले. पण शेतकऱ्याचा त्यात फायदाच झाला, कारण किलो हा नगरला आणि नांदेडला एकच असतो. सरकारने केलेल्या ज्या थोड्या गोष्टी शेतकऱ्याच्या कामी आल्या त्यांत मी हिला धरतो.

आता साधनांकडे येऊ. साधा तराजू घ्या. दांडी, दोन पारडी, मध्ये काटा. त्यात लबाडी होत नव्हती असे नाही. दांडीचा एक हात किंचित लांब, पारड्याखाली चिकटवलेला चिंचोका, अंगठ्याचा दाब, सारे प्रकार होते. पण त्या साधनाचा एक गुण असा की त्याची परीक्षा उभ्या उभ्या घेता येत होती. रिकामी पारडी समतोल आहेत का बघा. माल तोलून झाला की माल आणि वजने यांची पारडी बदला आणि पुन्हा तोला. दांडी खरी असेल तर काही फरक पडणार नाही. खोटी असेल तर आधी जिकडे फायदा होत होता तिकडे आता तोटा दिसेल. यासाठी शिक्षण लागत नाही, निरीक्षक लागत नाही. ज्याचा माल त्याला ते कळते.

मग आला ताणकाटा. हुकाला पोते अडकवा, स्प्रिंग ताणते, काटा आकडा दाखवतो. हलका, खांद्यावर टाकून शेतावर न्यावा असा. सोय मोठी झाली, पण परीक्षा कठीण झाली. वजनेच नाहीत, तर बदलायचे काय? स्प्रिंग वर्षानुवर्षे ताणून सैल पडते, मग शून्य जागेवर राहत नाही. ते जागेवर आणायला मागे एक स्क्रू असतो आणि तो फिरवणारा हात खरेदीदाराचा. चांगल्या बनावटीत पुढे सुधारणा झाल्या. तबकडी दोन्ही बाजूंना आली, म्हणजे समोरचाही वाचू शकतो. आकड्यांत अंतर वाढले, काटा पातळ आणि तबकडीला चिकटून आला, म्हणजे तिरके बघून वेगळे वाचायची सवड राहिली नाही. शून्याच्या स्क्रूवर शिक्का मारायची सोय झाली. बाजारात स्वस्त विकले जाणारे काटे मात्र अजून एका तोंडाचेच असतात.

इलेक्ट्रॉनिक काट्याचे मूळ १९३८ सालातले. अमेरिकेत दोन जणांनी, सिमन्स आणि रूज यांनी, एकमेकांपासून दूर राहून एकच गोष्ट शोधली. धातूची बारीक तार किंचित ताणली की तिचा विजेला होणारा विरोध बदलतो. ती तार लोखंडाच्या तुकड्यावर चिकटवली, तुकड्यावर भार दिला, की किती वाकला ते विजेने मोजता येते. आज हातात धरायच्या पन्नास किलोच्या डिजिटल काट्यात आणि ट्रक तोलायच्या वजनकाट्यात हेच तत्त्व आहे. स्प्रिंगपेक्षा हे कितीतरी नेमके. पण याच्या पोटात काय चालले आहे ते आपल्याला मुळीच दिसत नाही. आकडा दिसतो, तोही दहा-दहा ग्रॅमचा, आणि माणसाला वाटते एवढा बारीक आकडा खोटा कसा असेल! दहा ग्रॅमपर्यंत दाखवतो म्हणून तो दहा ग्रॅमपर्यंत खरा आहे असे होत नाही. काही काट्यांत आकडा धरून ठेवायची सोय असते. लोंबते पोते हलत असताना वाचता यावे म्हणून ती केली. पोत्याला झटका देऊन धरलेला आकडा वेगळाच निघतो, हे मात्र ध्यानात घ्या.

याची परीक्षा कशी घ्यायची? तीन गोष्टी करा. हुक रिकामा असताना शून्य आहे का बघा. एकच पोते उतरवून पुन्हा अडकवा, तीनदा, तिन्ही वेळा आकडा एकच येतो का बघा. मग दोन अर्धी पोती वेगवेगळी तोला, त्यांची बेरीज करा आणि दोन्ही एकदम तोला. बेरीज आणि आकडा जुळला नाही तर काट्यात खोट आहे. ही तिसरी परीक्षा फार कामाची, कारण तिला प्रमाणित वजन लागत नाही. तरी एक सांगतो, काटा सगळीकडे सारखाच खोटा असेल, म्हणजे शंभराला सत्त्याण्णव दाखवत असेल, तर तो या तिन्ही परीक्षांत पास होईल. म्हणून गावात शिक्का मारलेले वीस किलोचे एक वजन पाहिजेच. ते एकदा घेतले की पिढी जाते.

शिक्क्याचा नियमही सांगून ठेवतो. २००९ चा वैधमापन कायदा २०११ पासून लागू आहे. त्याप्रमाणे वजने आणि दांडीचा तराजू दर दोन वर्षांनी, इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी तपासून शिक्का मारून घ्यावा लागतो, आणि तपासणीचा दाखला काट्याजवळ लावावा लागतो. व्यवहारात बिनशिक्क्याचा काटा वापरणे हा गुन्हा आहे. आपण दुकानातून आणलेला स्वस्त डिजिटल काटाही बिनशिक्क्याचाच असतो, म्हणून त्याच्यावर व्यवहार करता येणार नाही आणि भांडणात तो पुरावाही होणार नाही. पण घरून निघताना माल किती होता हे आपल्याला कळावे एवढ्यासाठी तो पुरेसा आहे. क्विंटलमागे दोन किलोंचा फरक दिसला तर शिक्क्याच्या काट्यावर पुन्हा तोलायची मागणी करायला आपल्याजवळ कारण असते.

आता मॉइश्चर मीटर. यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण आज बाजारात सगळ्यांत जास्त वांधे यावर होतात.

पूर्वी व्यापारी दाणा दाताखाली धरायचा. कट्‌ वाजला तर सुका, चेपला तर ओला. दात त्याचा, निवाडा त्याचा. पण आपल्यालाही दात होते. आपणही दाणा चावून म्हणू शकत होतो की शेठ, वाजतोय की! आता मीटर आला. मीटर म्हणतो १३.४. त्याच्याशी कोण भांडणार?

हा मीटर पाणी मोजत नाही. तो वीज मोजतो आणि पाण्याचा अंदाज करतो. जुन्या पद्धतीचे मीटर दाणा स्क्रूखाली दाबून त्यातून वीज किती सहज जाते ते बघतात. ओला दाणा वीज सहज जाऊ देतो, सुका अडवतो. दुसऱ्या पद्धतीचे मीटर दाणे एका पेल्यात ओततात आणि ते वीज किती साठवू देतात ते बघतात. या गुणाचा पाण्याचा आकडा ऐंशीच्या आसपास आहे आणि सुक्या धान्याचा चार-पाचाच्या आत-बाहेर. म्हणून थोडे पाणी वाढले तरी यंत्राला लगेच कळते. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. पण वीज बदलायला पाण्याशिवाय दुसरीही कारणे असतात आणि खोच तिथे आहे.

पहिले कारण उष्णता. तापलेला दाणा मीटरला ओला दिसतो. आता गंमत बघा. मीटर जास्त दाखवू नये म्हणून आपण सोयाबीन सकाळपासून उन्हात पसरतो, दुपारी गरम गरम पोत्यात भरतो, तासाभरात बाजारात नेतो, आणि ज्या यंत्रात उष्णतेची दुरुस्ती नाही ते यंत्र त्याच गरम मालाला जास्त ओला ठरवते! नव्या बनावटीच्या मीटरमध्ये पेल्यातच तापमान मोजणारा भाग असतो आणि तो आपोआप दुरुस्ती करतो. जुन्यात तापमान वेगळे मोजून, तक्ता बघून हाताने दुरुस्ती करायची असते. ती कोण करतो, हे तुम्ही केंद्रावर उभे राहून बघा.

दुसरे कारण दाबण्याचे. कापसाच्या मीटरला दोन सुया असतात, त्या ढिगात खुपसायच्या. तोच कापूस सैल असताना खुपसा, एक आकडा येईल. पायाने दाबून खुपसा, आकडा चढेल, कारण दाबल्याने सुयांना कापूस जास्त लागतो. गाडीच्या वरच्या थरात, दवाने भिजलेल्या कडेला खुपसा, तिसरा आकडा येईल. कापूस तोच. पेल्याच्या मीटरमध्ये दाणे हळू ओतले की भुसभुशीत बसतात, धाडकन ओतले की घट्ट बसतात. म्हणून चांगल्या यंत्रात दाणे वरच्या पेल्यात भरून खालची झडप एकदम उघडतात, म्हणजे दर वेळी सारखेच पडतात. त्याहून चांगल्यात नमुन्याचे वजन यंत्र स्वतःच करते आणि घट्ट-सैलाचा हिशेब धरते. बनावटीतली सुधारणा मी याला म्हणतो. मापणाऱ्याच्या हाताला जितकी मोकळीक कमी, तितके साधन चांगले.

तिसरे कारण पिकाचे. प्रत्येक पिकाचा विजेशी वागायचा प्रकार वेगळा, म्हणून यंत्रात पिकवार नंबर असतात. सोयाबीनचा नमुना गव्हाच्या नंबरावर मोजला तर येणारा आकडा सोयाबीनचाही नाही आणि गव्हाचाही नाही. मोजण्याआधी विचारा, नंबर कोणता लावला?

न्यायासाठी हेही सांगितले पाहिजे की चूक दर वेळी आपल्या विरुद्धच जाते असे नाही. वरून उन्हाने सुकलेला आणि आतून ओला दाणा काही मीटरांना सुका दिसतो. मग तो माल गोदामात बुरशी धरतो आणि पुढच्या वर्षी केंद्रवाला सगळ्यांनाच संशयाने बघतो. खरे माप दोघांनाही लागते.

मग खरे माप कोणते? भट्टीचे. दाणे तोलायचे, प्रयोगशाळेच्या ओव्हनमध्ये ठेवायचे, सोयाबीन सबंध असेल तर १०३ अंशांवर ७२ तास, आणि पुन्हा तोलायचे. घटले ते पाणी. सगळे मीटर याच्याशी ताडून लावलेले असतात, निदान असायला हवेत. बाजारात कुणी तीन दिवस थांबणार नाही हे खरे. पण केंद्रावरचा मीटर हंगामाच्या सुरुवातीला आणि मध्ये एकदा भट्टीशी ताडला की नाही, कुणी ताडला, किती फरक आला, हे फळ्यावर लिहायला काय हरकत आहे? आपली पहिली मागणी ही आहे.

आणि कटतीचा हिशेब. हा लिहून घ्या. १०० किलो सोयाबीनमध्ये १६ टक्के ओलावा आहे, म्हणजे १६ किलो पाणी आणि ८४ किलो सुका माल. हाच माल १२ टक्क्यांवर आणला तर त्याचे वजन किती भरेल? ८४ ला ०.८८ ने भागा. ९५ किलो ४५० ग्रॅम. म्हणजे न्याय्य घट साडेचार किलो. कुणी चार किलो कापले तर तुमचा फायदा आहे, गप्प बसा! पण टक्क्यामागे दीड किंवा दोन किलो कापणारे भेटतात. ते सहा आणि आठ किलो कापतात. व्यापारी म्हणेल, मला सुकवायची मजुरी, जागा, जोखीम आहे. असेल. मग ती मजुरी म्हणून पावतीवर वेगळी लिहा. पाण्याच्या नावाने सोयाबीन कापू नका.

सरकारी खरेदीत सोयाबीनला १२ टक्क्यांची अट आहे. २०२४ च्या हंगामात परतीच्या पावसाने माल ओला झाला, केंद्रांवरून गाड्या परत जाऊ लागल्या, ओरड झाली, तेव्हा नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने त्या हंगामापुरती १५ टक्क्यांपर्यंत सूट दिली. तोपर्यंत ज्यांना पैशाची निकड होती त्यांनी हमीभावाच्या खाली माल घालून टाकला होता. १२ आणि १३ मधला फरक म्हणजे हमीभाव आणि मोंढ्याचा भाव यांतला फरक, हे त्या वर्षी ज्याने त्याने आपल्या खिशात बघितले. असा फरक ज्या यंत्रावर ठरतो त्याचा आकडा केंद्रवाल्याच्या बाजूला आणि पाठ शेतकऱ्याच्या बाजूला, असे का? रुमालाखालची बोटे आणि तिकडे फिरवलेला आकडा, यांत फरक काय राहिला?

दुधाकडे येतो. आमच्या बहिणी इथे जास्त आहेत आणि दुधाची धार त्यांच्याच हातची असते.

१८९० सालापूर्वी अमेरिकेत दुधाचे पैसे वजनावर मिळायचे. जो पाणी घालील किंवा साय काढील तो फायद्यात, जो चांगले दूध घालील तो तोट्यात. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या स्टीफन बॅबकॉक या रसायनशास्त्रज्ञाने त्या वर्षी फॅट मोजायची पद्धत काढली. दुधात गंधकाचे तीव्र आम्ल घालायचे, बाटल्या चक्रात फिरवायच्या, फॅट सुटून मानेत वर येते, मानेवरच्या खुणा वाचायच्या. गावच्या चीज कारखान्यातला साधा माणूस करू शकेल इतकी सोपी. आणि त्याने तिचे पेटंट घेतले नाही. त्याच सुमाराला स्वित्झर्लंडमध्ये गर्बरने आपली पद्धत काढली, तिच्याच बुटिरोमीटरवर आपल्या डेअऱ्यांनी अनेक वर्षे फॅट काढली. सांगायचे कारण असे की मापाचे चांगले साधन आले तेव्हा पहिला फायदा प्रामाणिक उत्पादकाचा झाला. मापाला घाबरायचे कारण आपल्याला नाही.

लॅक्टोमीटर मात्र त्याहून कच्चा. काचेची नळी दुधात सोडायची, किती बुडते ते वाचायचे. पाणी घातले की नळी जास्त बुडते, डिग्री उतरते. साय काढली की दूध जड होते, डिग्री चढते. म्हणून आधी साय काढून मग बेताने पाणी घातले तर डिग्री जागच्या जागी राहते. हे चोराला ठाऊक असते. एकटा लॅक्टोमीटर प्रामाणिक माणसाला पकडतो आणि हुशार चोराला सोडतो. फॅटबरोबर वाचला तरच त्याला अर्थ आहे.

आणि पुन्हा उष्णता! लॅक्टोमीटरच्या नळीवर एक तापमान लिहिलेले असते. आपल्याकडे बहुधा २७ अंश सेल्सिअस, जुन्यांवर ६० किंवा ८४ अंश फॅरनहाइट. दूध त्याहून गरम असेल तर पातळ दिसते. दर अंशाला निदान ०.२ डिग्री धरा. धार काढून लगेच केंद्रावर नेलेले दूध ३५ अंशांवर असेल तर निदान दीड डिग्रीचा फरक पडला. शिवाय ताज्या दुधात हवेचे बारीक बुडबुडे असतात, त्यानेही ते हलके दिसते, तासा-दोन तासांत ते जड होत जाते. एसएनएफच्या सूत्रात डिग्रीला चाराने भागतात, म्हणजे दीड डिग्रीला एसएनएफ जवळजवळ ०.४ ने उतरला. ८.५ चे दूध ८.१ झाले. पाण्याचा थेंब न घालता बाईच्या दुधात पाणी निघाले आणि चार बायांत तिची मान खाली गेली. पैशापेक्षा हे वाईट.

सूत्रही सगळीकडे एक नाही. एके ठिकाणी डिग्री भागिले ४, अधिक फॅटच्या ०.२५ पट, अधिक ०.४४. दुसऱ्या ठिकाणी फॅटच्या ०.२१ पट, अधिक ०.३६. डिग्री २८ आणि फॅट ३.५ असेल तर पहिल्या सूत्राने एसएनएफ ८.३२ येतो, दुसऱ्याने ८.१०. दूध एकच, गाय एकच. अन्नसुरक्षेच्या नियमांत गाईच्या दुधाला ३.२ फॅट आणि ८.३ एसएनएफ पुरेसे आहे, दर मात्र बहुतेक ठिकाणी ३.५ आणि ८.५ वर बांधलेला असतो. तुमच्या केंद्रावर कोणते सूत्र चालते ते विचारा. यंत्रातून आपोआप निघते असे उत्तर मिळाले तरी सूत्र असतेच. ते यंत्राच्या पोटात घातलेले असते एवढेच.

सुधारलेल्या लॅक्टोमीटरमध्ये पोटातच थर्मामीटर असतो, म्हणजे डिग्री आणि तापमान एकदम वाचता येते. साध्यापेक्षा थोडा महाग, पण गटात एक असायला काहीच हरकत नाही. ज्यावर पाण्याची खूण शून्य आहे, तो नळीवर लिहिलेल्या तापमानाच्या स्वच्छ पाण्यात सोडा. शून्यावर तरंगला पाहिजे. नाही तरंगला तर तो फेकून द्या.

उसाचे थोडक्यात सांगतो. हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर दुर्बिणीसारखा दिसतो. काचेवर रसाचे दोन थेंब टाकायचे, उजेडाकडे धरायचा, निळ्या-पांढऱ्याची रेघ जिथे असेल तो ब्रिक्स. शेंड्याकडचा आणि बुडख्याकडचा ब्रिक्स वेगवेगळा घ्या. दोन्ही जवळजवळ सारखे आले की ऊस पक्व झाला. तोडीचा नंबर लावताना हा आकडा आपल्याजवळ असला तर शेतकी खात्याशी बोलायला बळ येते. पण दोन सावधगिऱ्या आहेत. ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेले सगळे, त्यात साखर आली आणि दुसरे क्षारही आले, तो उतारा नव्हे. उतारा कारखान्यात निघतो आणि तिथल्या मोजणीचा प्रश्न हातातल्या दुर्बिणीने सुटणार नाही. दुसरी अशी की हे माप २० अंशांवर बांधलेले आहे. ३० अंशांना जवळजवळ पाऊण ब्रिक्स कमी दिसतो. नव्या रिफ्रॅक्टोमीटरवर एटीसी लिहिलेले असते, म्हणजे आत दोन धातूंची पट्टी असते, ती उष्णतेने वाकून आपोआप दुरुस्ती करते. चांगली सुधारणा आहे. मात्र बहुतेकांची ती दुरुस्ती १० ते ३० अंशांपर्यंतच असते आणि आपल्याकडे मार्चच्या दुपारी फडात किती अंश असतात ते तुम्हीच सांगा. सकाळी मोजा.

आता एक गोष्ट, जी काहींना आवडणार नाही. ताणकाटा नेहमी दुसऱ्याच्याच हातात असतो असे नाही. कापूस वेचणीला बाया येतात, त्यांची मजुरी किलोवर असते. संध्याकाळी बांधावर त्यांची गाठोडी तोलली जातात ती आपल्या काट्यावर. तिथे आपण खरेदीदार आहोत. त्या काट्याला शिक्का आहे का? तबकडी त्या बाईला दिसते का? गाठोड्याच्या फडक्याचे वजन दोनदा तर वजा होत नाही? दिवसाला साठ-सत्तर किलो वेचणाऱ्या बाईचे दोन किलो गेले तर हंगामभरात तिचे किती गेले याचा हिशेब मोंढ्यातल्या हिशेबासारखाच आहे. बाजार समितीकडे दोन्ही बाजूंनी दिसणारा आकडा मागायचा असेल तर आधी बांधावर दोन तोंडांचा काटा आणावा लागेल. महिला आघाडीने गेल्या बैठकीत हा मुद्दा काढला होता, तो मला मान्य आहे आणि तुम्हीही मान्य करावा अशी माझी विनंती आहे.

करायचे काय? सरकारने अनुदानावर मीटर वाटावेत असे मी म्हणणार नाही. अनुदानाचा मीटर कसा असतो आणि किती दिवस चालतो ते आपल्याला पाठ आहे. गावात वीस घरे मिळून वर्गणी काढा. एक वीस किलोचे शिक्क्याचे वजन, एक दोन तोंडांचा काटा, पिकाप्रमाणे एक मॉइश्चर मीटर किंवा थर्मामीटरचा लॅक्टोमीटर. साधन एका घरी राहू नये, दर हंगामाला घर बदलावे. एक वही ठेवा. घरचा आकडा, बाजारातला आकडा, तारीख, केंद्र. एकाने केलेली तक्रार म्हणजे भांडण. चाळीस गाड्यांची वही घेऊन वैधमापन निरीक्षकाकडे किंवा बाजार समितीकडे गेलात तर तो पुरावा होतो. फरक नेहमी एकाच बाजूला झुकत असेल तर तो योगायोग नाही, हे शाळेतल्या पोरालाही कळेल. घरचा मीटरच चुकीचा असेल तर तेही वहीत दिसेल, कारण मग सगळ्याच केंद्रांशी फरक येईल.

मीटर घेताना दुकानदाराला विचारायचे प्रश्नही सांगतो. तापमानाची दुरुस्ती आपोआप आहे का? तुमचे पीक त्यात आहे का? एकच नमुना तीनदा घातला तर अर्ध्या टक्क्याच्या आत आकडे येतात का? हे दुकानातच करून बघा, घरून दोन मुठी सोयाबीन घट्ट झाकणाच्या बरणीत घेऊन जा. पुन्हा ताडून लावायची वेळ आली तर ते कुठे होते आणि काय पडते? या शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर यंत्र कितीही चकाकत असले तरी घेऊ नका.

जिल्ह्यातल्या खरेदी केंद्रांसाठी तीन मागण्यांचा ठराव आज मांडायचा आहे. मीटरचा आणि काट्याचा आकडा विकणाऱ्याला दिसेल असा ठेवावा. ओलाव्याची मोजणी एकाच पोत्यातून न घेता वेगवेगळ्या ठिकाणचे नमुने मिसळून तीनदा करावी आणि सरासरी पावतीवर लिहावी, तापमानासकट. मीटर भट्टीशी कधी ताडला त्याची तारीख फळ्यावर असावी. ठरावाचा मसुदा सचिवांकडे आहे, त्यात सुधारणा सुचवायच्या असतील तर दुपारच्या सत्राआधी लिहून द्या.

ज्यांनी सोयाबीनचे आणि तुरीचे नमुने आणले आहेत त्यांनी ते पिशवीतून बाहेर काढून सावलीत ठेवावेत, अर्धा तास तरी थंड होऊ द्यावेत. बाहेरच्या ओट्यावर तीन वेगवेगळ्या बनावटीचे मीटर मांडले आहेत. जेवणानंतर प्रत्येकाचा नमुना तिन्हींत घालू आणि आकडे फळ्यावर लिहू.